धक्का कुठे जातो

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना कोल्हापूर-सांगलीकडच्या शिवारातल्या वाटेवर एकदा गाडी घालून बघा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत दोरखंडाने आवळलेला ऊस, आणि ही वरात दिवसभर एकाच चाकोरीतून ये-जा करते. बघता बघता चाकोऱ्या खोल जातात आणि मधे मातीचा वरंबा उरतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही फरक पडत नाही. आपली चाकं मात्र चाकोरीत उतरली की गाडी त्या वरंब्यावर पोट घासत चालते. आत बसलेल्याला आधी गवताची सळसळ ऐकू येते, मग मातीचा खरखराट, आणि मग वरंब्यात दडलेला एखादा दगड. तो दगडाचा आवाज एकदा ऐकला की माणूस गाडीच्या खालच्या बाजूचा विचार करू लागतो.

मी तो करू लागले माझ्या जिम्नीमुळे. पाच दारांची, पेट्रोल, जेमतेम बाराशे किलोची गाडी. कागदावर तिची जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर, म्हणजे वीतभर. पण हा आकडा सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागापासून मोजलेला असतो. तो भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा डबा, आणि तो असतो चाकांच्या रेषेत. दोन एक्सलांच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांच्या, मधे काय होतं ते या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळा कोन बघावा लागतो, ज्याला रॅम्प ब्रेकओव्हर म्हणतात: उंचवट्यावरून जाताना पोट न टेकता गाडी किती अंशांचा उंचवटा ओलांडेल. तीन दारांच्या जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२५० मिलिमीटर आणि हा कोन २८ अंश. भारतात मिळणाऱ्या पाच दारांच्या गाडीत अंतर २५९० आणि कोन २४ अंश. मागच्या सीटवर माणसं नीट बसावीत म्हणून वाढवलेली लांबी पोटाला भोवते. आणि नेमकी त्या पोटाच्या मध्यावर, गिअरबॉक्सपासून सुटी, ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांना वाटून देणारा डबा, टांगलेली आहे.

पोट वाचवायला गाडीखाली जाड पत्रे बोल्टांनी बसवतात. विकणारे ‘फुल आर्मर’ म्हणून पुढच्या बंपरपासून मागच्या टाकीपर्यंत सगळं झाकणारा संच दाखवतात. फोटोत तो भारीच दिसतो. मीही मोहात होते. पण आमच्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली आणि म्हणाले, “ताई, आधी खाली या. पत्र्याचं नंतर बोलू.”

ही गोष्ट प्रत्येकाने करायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपण गाडीचा रंग, सीटा, टचस्क्रीन बघून लाखो रुपये मोजतो आणि जिच्यावर खडीचे खडे आदळत असतात ती बाजू आयुष्यात एकदाही बघत नाही. मिस्त्रींनी टॉर्च धरून एकेक भाग दाखवला. पुढे स्टिअरिंगचे रॉड, एक्सलच्या आसपास. त्यामागे इंजिनाचा ऑइल चेंबर. मग गिअरबॉक्स, मग छोटा शाफ्ट, मग ट्रान्सफर केस. बाजूने जाणारा सायलेन्सरचा पाइप आणि मागच्या बाजूला इंधनाची टाकी. प्रत्येकाची जखम वेगळी असते, हे मला तेव्हा कळलं. पत्र्याचा चेंबर मार लागला की आधी पोचतो, आणि बऱ्याचदा पोचूनच भागतं. ओतीव अल्युमिनियमचं आवरण मात्र पोचत नाही, तडकतं. तडकलेल्या कास्टिंगला जंगलात वेल्डिंग होत नाही; एम-सील चोपडून जवळचं गाव गाठायचं, एवढंच हातात असतं. टाकीला बारीक चीर गेली तर कपड्याच्या साबणाची वडी घासून ती तात्पुरती बुजवायची युक्ती जुन्या ट्रकवाल्यांची. साबण इंधनात सहज विरघळत नाही म्हणून ती चालते. मिस्त्रींच्या पेटीत वडी असतेच.

डिफरन्शियलच्या गोळ्यावर त्यांनी पान्याने टकटक केलं. “याला काही लावू नका. हा दगडाशी भांडायलाच बनवलाय.” अखंड एक्सलचं, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर असण्याचं, हेच सुख आहे. गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे खड्ड्यात गाडी दबली तरी गोळ्याची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. ज्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं, उदाहरणार्थ थार, त्यांत गाडी दबली की मधला गोळाही बॉडीबरोबर खाली येतो. तिथे पुढच्या गार्डचा हिशेब वेगळा लागतो. दुसऱ्याच्या गाडीवर बघितलेला संच आपल्या गाडीला शोभेलच असं नाही, ते यासाठी. जाता जाता: गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावून अखंड एक्सलचा गोळा एक सूतही वर जात नाही, बॉडी जाते. गोळा उचलायचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढवला तर गोळा एक इंच वर जातो.

आता मूळ मुद्दा. पत्रा लावला की धक्का संपला असं समजून आपण दुकानात शिरतो. धक्का संपत नाही, दुसरीकडे जातो. कुठे जातो, हे बघणं म्हणजे पत्रा निवडणं. बाकी जाडी, धातू, रंग हे सगळं त्याच्यामागून येतं.

एक ढोबळ हिशेब मांडते. पायरीसारख्या दगडावरून गाडी २० सेंटिमीटर खाली आली, सगळं वजन एकाच जागी पत्र्यावर पडलं, आणि पत्रा २ सेंटिमीटर वाकून गाडी थांबली असं धरू. तर त्या क्षणाचा सरासरी जोर गाडीच्या वजनाच्या अकरा पट येतो. प्रत्यक्षात चाकं थोडं वजन उचलतात, त्यामुळे जोर कमी पडतो, पण अंदाज येतो. आता तोच पत्रा इतका जाड केला की तो फक्त अर्धा सेंटिमीटर वाकेल. मग पट होते एक्केचाळीस. हा सगळा जोर पत्र्याच्या बोल्टांमधून जिथे बोल्ट आवळलेत तिथे जातो. म्हणजे वाकणारा पत्रा बिघडलेला नसतो, तो आपलं काम करत असतो. मला आधी उलटं वाटायचं, जितका ताठ तितका चांगला. गॅरेजमध्ये वाकलेले गार्ड बघून लोक “हलका माल” म्हणतात तेव्हा आता मी आधी चासीला तडा गेलाय का ते बघते.

म्हणून पहिला प्रश्न धातूचा नाही, बोल्टांचा आहे. अॅक्सेसरीच्या दुकानात जे सार्वत्रिक ‘चेंबर गार्ड’ मिळतात, त्यांतले कित्येक एल आकाराच्या पट्ट्यांनी मिळेल त्या भोकाला अडकवलेले असतात. कधी गिअरबॉक्सच्या आडव्या दांडीला, कधी इंजिनाच्याच बोल्टांना. गिअरबॉक्स वाचवायला लावलेला पत्रा धक्का थेट गिअरबॉक्सला पोचवत असेल तर तो नसलेला बरा. बोल्ट हवेत चासीच्या मुख्य दांड्यांना, किंवा त्यांना वेल्ड केलेल्या आडव्या तुळयांना. आणि पत्रा व चेंबर यांच्यामधे निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, कारण वाकायला जागा नसेल तर पत्रा चेंबरला चिकटूनच वाकेल. शिवाय इंजिन रबरी माउंटांवर डुलत असतं. जागा कमी ठेवली तर ऐंशीच्या वेगाला केबिनमध्ये जी भुणभुण सुरू होते ती शोधता शोधता मेकॅनिकचा आणि आपला दोघांचा जीव जातो.

बोल्टांची डोकी हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ती पत्र्याबाहेर डोकावत असतील तर पहिल्याच दगडाला घासून त्यांचे कोपरे गोल होतात, आणि मग ऑइल बदलायच्या दिवशी पाना घसरत राहतो. शेवटी गॅस कटर. डोकी पत्र्यात बुडालेली हवीत, किंवा भोवती कडं वेल्ड केलेलं हवं. दोन पत्रे एकामागे एक असतील तर ते मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवायचे: पुढच्या पत्र्याची शेपटी खाली, मागच्याचं नाक तिच्यावर लपलेलं. म्हणजे पुढून घसरत आलेला दगड कशात अडकत नाही. पण गाडी उलटी घ्यायची वेळ आली की तीच शेपटी दगडाला फावड्यागत टोचते. म्हणून तिची कड थोडी वर वळवून घ्यायची. विकत मिळणाऱ्या संचांत हे वळण फार कमी ठिकाणी दिसतं.

भोसरीच्या एका शेडमध्ये फॅब्रिकेटर काकांनी विचारलं, “एक सूत की दीड सूत?” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून जरासा जास्त. भाव किलोवर. ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, दीड सुताचं त्याच्या दीडपट. काकांना अर्थातच दीड सूत विकायचं होतं. अल्युमिनियम घ्यायचं तर ६ मिलिमीटर घ्यावं लागतं. ते चौरस मीटरला सोळा किलोच्या आसपास बसतं, म्हणजे एक सुती लोखंडापेक्षा तीस टक्क्यांनी हलकं. आणि गंमत अशी की वाकण्याच्या बाबतीत ते अडीचपटीहून जास्त ताठ. अल्युमिनियम मुळात लोखंडाच्या एक तृतीयांशच ताठ असतं, पण पत्र्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो.

मग सगळ्यांनी अल्युमिनियमच का घेऊ नये? मी जवळजवळ घेतलंच होतं. पण आमचं घर राजापूर तालुक्यात, आणि तिकडचा दगड जांभा. भोकाभोकांचा, खरबरीत. घाटमाथ्यावरच्या नदीपात्रातला काळा पाषाण पाण्याने गुळगुळीत झालेला असतो, त्यावरून काहीही घसरतं. जांभ्यावर अल्युमिनियम घसरत नाही, रुततं. मऊ धातूत दगडाची कड घुसते आणि गाडी तिथेच धरून ठेवली जाते. लोखंड ओरखडा घेतं आणि पुढे सरकतं. चिरेखाणींकडे जाणाऱ्या ट्रकवाटांवर हा फरक फार जाणवतो. तिथे चाकोऱ्या उसाच्या शिवारासारख्याच, फक्त मधला वरंबा मातीचा नसून कातळाचा. त्यात अल्युमिनियमचा पत्रा लोखंडी बोल्टांनी चासीला आवळला आणि वर खारी हवा मिळाली की दोन धातूंमधे गंज सुरू होतो आणि अल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडू लागतं. रबरी वॉशर, नायलॉनची बुशं लावून हे लांबवता येतं. लडाखला जाणाऱ्याने, दख्खनच्या कोरड्या पठारावर फिरणाऱ्याने अल्युमिनियम खुशाल घ्यावं. ग्रेड मात्र विचारून घ्या. ५०५२ वाकवताना तडकत नाही. ६०६१ जास्त मजबूत, पण टी-६ या कडक केलेल्या अवस्थेत काटकोनात वळवली तर वळणावर चीर पडते. “अल्युमिनियम म्हणजे अल्युमिनियम” म्हणणाऱ्या कारागिराकडून पत्रा वळवून घेऊ नये.

तिसरा पर्याय प्लास्टिकचा. हसू नका. खूप लांब रेणूंचं पॉलिइथिलीन दगडावरून लोखंडापेक्षाही छान सरकतं, गंजत नाही, वजन नगण्य. परदेशातले बग्गीवाले ते हौसेने वापरतात. पण ते १३० अंशांच्या जरा वर वितळतं, आणि सायलेन्सरशेजारी ते लावणं म्हणजे वेडेपणा.

उष्णतेचा विषय आलाच आहे तर तो जरा लांबवते, कारण चेंबर फुटण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी पठारांवर, गवत माजतं, दिवाळीनंतर ते वाळून पिवळं होतं. त्यातून गाडी गेली की पत्र्याच्या कडांवर गवत खरवडलं जातं आणि पत्रा व सायलेन्सर यांच्यामधल्या खाचेत कोंबून बसतं. सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं तापमान कित्येक शे अंश असतं. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तिथे सहाशे अंशांच्या घरात उष्णता जाते. बंद खोक्यात वाळलेलं गवत आणि शेजारी ही भट्टी. सायलेन्सरची वाट झाकणारा पत्रा म्हणूनच मला नको होता. दगडाने पाइप चेपला तर चेपला, तो हजार-दोन हजारांचा प्रश्न. खाली जितकं झाकाल तितकं दिसायचंही बंद होतं, हेही आहेच. ऑइलची गळती आधी जमिनीवर थेंबाने कळायची, आता ती पत्र्यात साठते. पावसाळ्यातली लाल माती वर साचून महिनोन्‌महिने ओली राहते आणि चासी आतून गंजते. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, पत्रे उतरवून धुणं भागच आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने लावूच नयेत.

विम्याची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दगडाने चेंबर फुटला तर चेंबरचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो. पण ऑइल गळून गेल्यावर तशीच गाडी चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते ‘परिणामी नुकसान’ धरतात आणि साध्या पॉलिसीत नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. पत्र्याच्या किमतीशी त्या हप्त्याची तुलना करून बघा. जो वर्षातून एकदाच कोकणात उतरतो त्याला कदाचित हप्ताच स्वस्त पडेल. कारण अशा माणसाच्या गाडीचं पोट सह्याद्रीत नाही, सोसायटीच्या दारात घासतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडे रुंदी हातभर असते आणि उंची गल्लीतल्या दादाच्या मर्जीवर.

पुढच्या बाजूचं एक पथ्य. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाडीला बाहेरून लावलेले बुल बार, म्हणजे बंपरपुढचे लोखंडी दांडे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात. पायी चालणाऱ्याला त्यांनी जास्त इजा होते, आतल्यांनाही धोका वाढतो. हीसुद्धा धक्का कुठे जातो याचीच गोष्ट आहे. गाडीचं नाक टकरीत चुरगळण्यासाठी बनवलेलं असतं. खालचा पत्रा पुढे नेऊन बंपरच्या दांडीला जखडला तर त्या चुरगळण्यात तो आडवा येऊ शकतो. म्हणून माझ्या पत्र्याचं पुढचं टोक पहिल्या आडव्या तुळईपाशीच थांबतं.

आणि धक्का जमिनीकडेही जातो. हे मला कोणत्याच गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं नाही, राजापूरच्या सड्यावर उमगलं. जांभ्याच्या या उघड्या पठारांवर कातळशिल्पं आहेत: मासे, हत्ती, वाघ, माणसं, काही नुसत्या नक्षीदार चौकटी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, रुंढ्ये तळी, जांभरुण, सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातली फणसाईमळ ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत आहेत. कोरीव रेषा उथळ. पावसात त्यांवर शेवाळ, उन्हात धूळ. गाडीतून त्या दिसतच नाहीत. पोट उघडं असलेली गाडी घेऊन माणूस अशा कातळावर चढायला कचरतो. खाली लोखंड आहे म्हटल्यावर कचरत नाही. मग दगडावर उमटतात ते ओरखडे आपण घरी येऊन मोजत नाही. काही सड्यांभोवती आता दगडी गडगे, म्हणजे कुंपणं, घातलेत. कासचं पठार तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथल्या मूठभर मातीत उगवणाऱ्या काही वनस्पती जगात दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या स्पर्धा होतात, लाल चिखलात गाड्या अक्षरशः पोहतात, पण त्या आखलेल्या वाटांवर. ज्याला खालचं लोखंड आजमावायचं आहे त्याने तिथे जावं.

शेवटी दोन पत्रे ठरले. एक चेंबरखाली, एक ट्रान्सफर केसखाली, दोन्ही एक सुती लोखंडाचे. टाकीला सध्या काही नाही, कारण मला जिथे जायचं आहे तिथे गाडी मागून आपटत नाही, मधे टेकते. पावडर कोटिंग नाकारलं. पहिल्या कातळाला ते सोलतं आणि सालीखाली गंज पसरतो. त्याऐवजी गरम जस्तात बुडवून घ्यायचं ठरलं. पातळ पत्रा त्या साडेचारशे अंशांत जरा पीळ खातो म्हणून भोकं आधी थोडी सैल पाडायची, असं काकांनी बजावलं. दोन्ही पत्रे मिळून वीस किलोच्या आत. दीड सुताचा आग्रह काकांनी सोडला, पण चेहरा नाराज.

बोल्ट सगळे एकाच मापाचे घ्यायचे, म्हणजे वाटेत एका पान्यावर काम होईल, हे मी सुचवलं तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे बरोबरीच्या नजरेने पाहिलं. मग पत्र्यात ऑइल काढायला ठेवायच्या भोकाचा खडूने आखलेला गोल बघितला आणि मान हलवली.

“गाडी तुमची आहे ताई,” ते म्हणाले, “पण खाली झोपून गरम ऑइल अंगावर घेणारा मी.” आणि काकांना तो गोल आणखी इंचभर मोठा करायला लावला.